परत फिरा म्हटलं, तर फिराल का?

संपादकांनी कामाबद्दल लिहायला सांगितलं, तेव्हा वाटलं की निरोप चुकून माझ्याकडे आला. कामाबद्दल लिहायचं ते पेन्शनीत निघालेल्या माणसांनी. मी अजून कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे छापण्यासारखं कसं लिहायचं हे विचारायलाही घरात कुणी नाही. पण तीन हिवाळे मी एकच काम केलं आहे, आणि त्या कामात माणसांनी मला इतका वैताग दिला आहे की तो कुठेतरी उतरवून ठेवावा असं मलाही वाटू लागलं होतं. म्हणून लिहितो.

काम असं. आमच्या शहरात डोंगर चढायला जाणाऱ्यांचं एक छोटं मंडळ आहे. सोलापुरात डोंगर कुठला, असं तुम्ही विचाराल. नाहीच. म्हणून तर मंडळ लागतं. आमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारे मोहोळकर सर ते चालवतात. पावसाळा संपला की घाटावरचे किल्ले, आणि माघ सरता सरता एकदा उत्तरेला, बर्फाच्या डोंगरांत. मंडळाचं सामान जिमखान्याच्या जिन्याखालच्या खोलीत असतं. लष्कराच्या जुन्या मालातले बूट, पाठीवरच्या पिशव्या, दोर, लोकरी बनियन, काळे चष्मे. ते धुवायचं, सांभाळायचं, वाटायचं, जाणाऱ्याची पिशवी तपासायची आणि डोंगरावर सगळ्यांच्या मागून चालायचं, हे माझं काम. बदल्यात मेसचं जेवण. सर या कामाला ‘शेवटचा माणूस’ म्हणतात. शेवटच्या माणसाच्या मागे कुणी राहता कामा नये, आणि त्याने परत फिरा म्हटलं की फिरायचं. मंडळात शिस्त म्हणून जी काही आहे ती एवढीच.

यात अवघड काय, असं मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं. अवघड एकच आहे. सोलापूरच्या माणसाला थंडी म्हणजे काय ते पटत नाही.

“उन्हाळा सोसतो की आम्ही! थंडीचं काय घेऊन बसलास?” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की मिलच्या भोंग्यासारखं ते आता मला नेमानं ऐकू येतं. उन्हाळा सोसायची सवय थंडीत कशी उपयोगी पडते, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. एक जण छत्री घेऊन आला. एकानं निघायच्या आदल्या दिवशी कोरे करकरीत बूट घेतले आणि दुसऱ्याच दिवशी टाचांना फोड आल्यावर माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते मीच शिवले होते. एका गृहस्थांनी स्टोव्हचं रॉकेल आणि साखर एकाच पिशवीत भरली. मग चार दिवस सगळ्यांनी रॉकेलचा चहा प्यायला, आणि बोलणी कुणी खाल्ली? मी. खरं सांगायचं तर आमच्या लोकांची एकच गोष्ट डोंगरासाठी जन्माला आली आहे, ती म्हणजे कडक भाकरी आणि शेंगांची चटणी. भिजली नाही तर कितीही दिवस टिकते आणि पोटात गेली की तासन्‌तास चालवते. पण नेमकी तीच घरी ठेवून लोक बिस्किटाचे पुडे आणतात.

उतरता हिवाळा का फसवा असतो, ते नवख्यांसाठी सांगतो. भर थंडीत माणूस घाबरून असतो, म्हणून नीट वागतो. माघाअखेर आभाळ निळं होतं, ऊन लागतं, स्वेटर काढावासा वाटतो. पहाटे बर्फ फरशीसारखा टणक असतो, त्यावरून चालत जाता येतं. ऊन चढलं की तोच बर्फ मऊ पडतो आणि पाय गुडघ्यापर्यंत आत जातो. उतारावरचा मऊ बर्फ केव्हा खाली सरकेल याचा नेम नसतो. म्हणून अंधार फिटता फिटता निघायचं आणि सूर्य डोक्यावर आला की, असाल तिथून परत. शिखर दिसत असलं तरी परत. घाम येईल इतकं भराभर चालायचं नाही, कारण अंगावरचा ओलावा हाच तिथला खरा शत्रू. तहान लागत नसली तरी पाणी प्यायचं. आणि अंगाला सुती कापड लावायचं नाही. सूत पाणी पितं आणि धरून ठेवतं. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब ठेवते.

हे शेवटचं वाक्य चादरींच्या गावात उभं राहून बोलायचं म्हणजे काय, याचा विचार करा.

बोलून बोलून थकल्यावर मी एक युक्ती काढली. नाव नोंदवायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा. “डोंगरावर मी परत फिरा म्हटलं, तर फिराल का?” सगळे म्हणतात, “म्हणजे काय! फिरणारच की!” इतक्या झटकन म्हणतात की मला तिथंच कळतं, ह्यांनी प्रश्न ऐकलेलाच नाही.

मागच्या वर्षी अप्पा आले.

शिवलिंगप्पा हे त्यांचं नाव. त्यांचं चादरींचं दुकान आहे, मागच्या बाजूला स्वतःचे माग. वय माझ्या वडिलांहून जास्त. घरी कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंग दणकट. खांद्यावर चार चादरींचा गठ्ठा घेऊनच ते सामानखोलीत शिरले.

“हे काय, अप्पा?”

“पांघरायला. दोन मला, दोन ज्याला लागतील त्याला.”

“सुती चालत नाही तिकडे. भिजली तर…”

“पोरा, सोलापूरची चादर हाय ही! कुटं कुटं जाते म्हाईत हाय का तुला? आन तू म्हणतो चालत न्हाय?”

त्यांना न्यायला मी नाखूश होतो. पण त्यांनी पिशवीतून तांब्याचा एक छोटा गडू काढला. तोंड लाखेनं बंद केलेलं. आत सिद्धेश्वराच्या तळ्याचं पाणी. त्यांच्या बायकोनं, गौराक्कांनी, ते भरून ठेवलं होतं. आम्ही जाणार होतो त्या खिंडीत शंकराचं एक लहान देऊळ आहे, हे कुण्या जंगमाकडून गौराक्कांच्या कानावर आलं होतं. शिवरात्रीला आपल्या तळ्याचं पाणी तिथल्या पिंडीवर घालायचं त्यांच्या मनात होतं. त्या वर्षभरापूर्वी गेल्या. गडू राहिला.

“तिनं सांगितलं न्हाय मला, की तू जा म्हणून,” अप्पा म्हणाले. “पण भिंतीतल्या देवळीत रोज दिसतो की गडू.”

मी त्यांना सरांकडे नेलं. सरांनी त्यांची डॉक्टरकडून तपासणी करून आणायला सांगितली, ती त्यांनी आणली. महिनाभर रोज सकाळी कुंभारीपर्यंत चालून या म्हटलं, तेही केलं. मी माझा प्रश्न विचारला.

“फिरणारच की!” अप्पा म्हणाले.

चादरींचा सौदा एकीवर मिटला. ती देवाला घालायची कोरी चादर, खास त्यांच्या मागावर विणलेली. ती पिशवीतून बाहेर काढायची नाही, असं मी तीनदा बजावलं. उपासाचीही मी तयारी केली होती. चालायचा दिवस नेमका शिवरात्रीचा, म्हणून राजगिऱ्याचे लाडू, खजूर, आणि थर्मासमध्ये गुळाचं कढत पाणी. उपासाला सगळं चालणारं. अप्पा “व्हय, व्हय” म्हणाले. आमच्याकडे मोठी माणसं “व्हय, व्हय” असं दोनदा म्हणाली की समजायचं, ऐकलेलं नाही. हे मला घरून माहीत असायला हवं होतं.

माझ्याकडे स्वतःची झोपायची पिशवी नव्हती. मी वैरागहून, आमच्या गावाकडून, आईनं दिलेली घोंगडी नेतो. कॉलेजच्या पोरांसमोर ती उलगडायची मला पहिल्या वर्षी लाज वाटायची. आई म्हणाली होती, “ने की. जड हाय, पर भिजली तरी ऊब सोडत न्हाय.” सर दरवर्षी तिचं वजन बघून मान हलवतात, पण नको म्हणत नाहीत.

तर शिवरात्रीच्या पहाटे आम्ही डोंगराखालच्या गावातून निघालो. पुढे वाट दाखवणारा तिथला माणूस, मग सर आणि चौघे जण, मग अप्पा, आणि त्यांच्याबरोबर अंबादास. अंबादास माझा वर्गमित्र. घरी माग, घरात तेलुगू, तोंडात सोलापूर. शेवटी मी. पिशव्या मी आदल्या संध्याकाळी तपासल्या होत्या. अप्पांचं सगळं बरोबर होतं.

पहिला टप्पा झकास झाला. बर्फ टणक, आभाळ स्वच्छ. अप्पा गडू छातीशी धरून ओम नमः शिवाय म्हणत चालले होते. ऊन पडलं. मी लाडू पुढे केला. “मागून.” पाणी पुढे केलं. “मागून घेतो की.” हळूहळू सरांची माणसं वर लहान दिसू लागली. आम्ही तिघे मागे पडलो. बर्फ मऊ झाला, अप्पांचा पाय आत जाऊ लागला, दोनदा ते कमरेपर्यंत रुतले आणि आम्ही ओढून काढले. मग एकाएकी ढग आला. ऊन गेलं आणि वारा सुटला. अप्पांनी काय करावं? मी अंबादासचे बूट बांधायला वाकलो तेवढ्यात त्यांनी पिशवीतून ती कोरी चादर काढून अंगावर घेतली!

वारा भुरभुरता बर्फ आणून तिच्यावर टाकत होता आणि चादर तो वितळवून पीत होती. थोड्याच वेळात तिची कड पापडासारखी कडक झाली.

“अप्पा, काढा ती!”

“गार लागतंय, आन काढ म्हणतो!”

मी त्यांच्या गळ्यापाशी हात घातला. आत लोकरी बनियन असायला हवं होतं. हाताला लागला सुती सदरा, घामानं चिंब.

“बनियन कुठाय?”

“पाच दिसाचं घामट बनियन घालून देवाला जाऊ, व्हय? ते गावात ठेवलं, धुवट घातलं सकाळी.”

“आणि पाणी? सकाळपासून पाणी प्यालात का?”

अप्पांनी गडू आणखी जवळ घेतला. मग हळूच म्हणाले, “निर्जळी हाय आज. ती करायची. म्हणून मी.”

मला रडावंसं वाटलं की ओरडावंसं, ते अजून ठरवता आलेलं नाही. उपास धरला तर त्याला लाडू आणले. लाडूला नाही म्हणाले तर पाणी होतं. पाण्यालाच नाही म्हणायचं ठरवलं असेल, तर माणसानं तयारी तरी कशाची करायची? आणि हे सगळं माझ्याशी “व्हय, व्हय” करून! आता मंडळात तपासणी सकाळी होते, निघायच्या क्षणाला, आणि मी प्रत्येकाच्या गळ्यापाशी हात घालतो. लोक हसतात. हसू देत.

तेवढ्यात ढग जरा फाटला आणि वर खिंड दिसली. देवळाचा लाल झेंडा फडफडत होता. सरांची माणसं जवळजवळ पोहोचली होती. आणि सूर्य डोक्यावर आला होता.

“दिसतंय की!” अप्पा ओरडले. “हे काय, दिसतंय की!”

“अप्पा, परत फिरायचं.”

“आता? हितनं?”

“तुम्ही फिरतो म्हणाला होता.”

“ते सोलापुरात म्हणालो.”

आमच्या घरात मोठ्या माणसाला नाही म्हणत नाहीत. वडील चुकीच्या गाडीत चढले, तरी पुढच्या थांब्यापर्यंत आम्ही मागून चढतो. माझी जीभ उचलेना. अप्पा पाऊल टाकायला लागले, पाय रुतला, ते एका हातावर पडले. हात थरथरत होते, पण दुसऱ्या हातातला गडू त्यांनी वर धरला होता.

“बोल की बे!” अंबादास माझ्या अंगावर खेकसला. “एवढं शिकतो, आन तोंड उघडंना?”

मला बोलता आलं नाही हे खरं. मी पुढे झालो, अप्पांच्या हातातून गडू काढून घेतला, माझ्या कोटाच्या आत घातला आणि उताराकडे तोंड करून चालायला लागलो. सरांना कळावं म्हणून ठरलेल्या दोन लांब शिट्ट्या मारल्या. वरून उत्तराची एक शिट्टी आली.

“अय! अय, चोरा!” मागून अप्पांचा आवाज. “माझा गडू! माझ्या बायकोचा गडू हाय तो, गाढवा!”

मी वळून पाहिलं नाही. गडू जाईल तिथं अप्पा येणार, एवढंच मला ठाऊक होतं. ते आले. अंबादास त्यांच्या काखेत हात घालून, आणि ते मला मराठीत आणि कानडीत, माझ्या घराण्यासकट, शिव्या घालत. त्यांच्या शिव्या चालू होत्या तोवर मला काळजी नव्हती.

शिव्या थांबल्या.

मी मागे पाहिलं. अप्पा बर्फात बसले होते. थरथर गेली होती, चेहरा शांत. न जाणणाऱ्याला वाटेल, बरं वाटतंय त्यांना. हे लक्षात ठेवा: थंडीनं थरथरणारा माणूस अजून लढतो आहे. थरथर थांबून तो निवांत झाला, तर घाबरा. अप्पा आता फक्त कानडीत पुटपुटत होते, तेही जड जिभेनं. “मलगतीनि… मलगतीनि…” मला कानडी येत नाही.

“झोपतो म्हणताहेत,” अंबादास म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

एका मोठ्या खडकामागे, वारा लागणार नाही तिथं, आम्ही त्यांना नेलं. चादर काढली, ती लाकडासारखी उभी राहत होती. सदरा काढला. त्यांचं अंग पुसून माझं बनियन त्यांना चढवलं आणि वरून घोंगडी, डोक्यापासून पायापर्यंत. खाली पिशव्या घातल्या, कारण जमीन वाऱ्याहून जास्त ऊब पिते. मग आम्ही दोघे दोन बाजूंनी त्यांना चिकटून बसलो. चोळायचं नाही, शेकायचं नाही, अंगानं अंगाला हळूहळू ऊब द्यायची, असं सरांनी शिकवलं होतं. आता पोटात काही कढत जायला हवं होतं. गिळता येतंय का हे बघायला मी झाकणभर गुळाचं पाणी ओठाला लावलं. त्यांनी दात आवळले.

“ब्याड.” नको. एवढं मलाही कळलं.

निर्जळी! अर्धी शुद्ध गेलेला माणूस, पण निर्जळी पक्की!

“घ्या हो अप्पा, पाया पडतो,” मी म्हणालो. अंबादासनं माझ्या हातातलं झाकण घेतलं. मागावरच्या कानडी कामगारांकडून त्याला थोडी भाषा आली होती. तो त्यांच्या कानाशी, देवळातल्या पुजाऱ्याच्या सुरात म्हणाला, “अप्पा, तीर्थ तगोळ्री.” तीर्थ घ्या.

अप्पांचा उजवा हात घोंगडीतून बाहेर आला आणि त्याचा द्रोण झाला.

आम्ही घोट घोट दिलं. प्रत्येक वेळी अंबादास तीर्थ म्हणायचा, प्रत्येक वेळी द्रोण पुढे यायचा. बऱ्याच वेळानं ते पुन्हा थरथरायला लागले, आणि त्या थरथरीनं मला जेवढा आनंद झाला तेवढा परीक्षेच्या निकालानंही झालेला नाही. मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

“चोर,” ते म्हणाले, मराठीत.

सर तोवर उतरून आले होते. सगळ्यांनी मिळून त्यांना गावात आणलं. त्यांच्या पायाच्या दोन बोटांची नखं गेली, बाकी काही गेलं नाही.

परतीच्या गाडीत दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. गडू मी त्यांना दिला, तो त्यांनी मांडीवर घेतला आणि खिडकीबाहेर पाहत राहिले. सर म्हणाले, “तू बरोबर केलंस.” अंबादासही म्हणाला. मलाही बरोबरच वाटतं. पण तो झेंडा इतका जवळ होता. डोंगरावर वाचलेल्या माणसाला आपण वाचलो हे कधी दिसत नाही. त्याला फक्त न पोहोचलेलं दिसतं. या कामाचं सगळ्यात वैतागवाणं हेच आहे. काम नीट झालं, तर काहीच झालेलं नसतं.

दौंड मागे टाकल्यावर अप्पा खिडकीकडे बघतच म्हणाले, “तीर्थ गोड कसं रे लागलं?”

अंबादासनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. अप्पांच्या मिशीत काहीतरी हललं, पण हसू होतं की राग, ते मी शपथेवर सांगणार नाही.

यंदा दसऱ्यानंतर नावं घ्यायला सुरुवात झाली. पहिल्याच दिवशी एक पोरगा म्हणाला, “थंडीचं काय, उन्हाळा सोसतो की आम्ही!” मी डोळे मिटले. तेवढ्यात जिन्याखाली वाकून अप्पा आत आले. खांद्यावर गठ्ठा होताच. मी उठून उभा राहिलो.

“अप्पा, चादर…”

“बघ आधी.” त्यांनी गठ्ठा टेबलावर टाकला. घोंगडी होती, काळी, कोरी. “करमाळ्याच्या बाजारातनं आणली. चादरवाला घोंगडी घेतो म्हणून तिथला धनगर हसला मला.” मग त्या पोराकडे वळून, “काय रे, उन्हाळा सोसतो व्हय? बस हितं. नखं दाखवतो माझी.”

त्या पोराला नखं दाखवून झाल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला. माणूस ओळखीचा असला म्हणून प्रश्न सोडायचा नाही.

“अप्पा, मी परत फिरा म्हटलं, तर फिराल का?”

अप्पांनी लगेच उत्तर दिलं नाही. तीन वर्षांत या प्रश्नावर थांबलेला हा पहिला माणूस.

“न्हाय,” ते म्हणाले. “मी न्हाय फिरणार. तितं गेलं की मला काय कळत न्हाय.” त्यांनी पिशवीत हात घातला आणि गडू काढून माझ्यापुढे ठेवला. लाख तशीच होती, न फुटलेली. “ह्यो तुझ्याजवळ ठेव. वर जाताना तूच घे. तू जिकडं जाशील तिकडं येतो मी.”

माघ अजून लांब आहे. गडू सामानखोलीत वरच्या फळीवर आहे, त्यावर धूळ बसू नये म्हणून मी रोज पुसतो. त्या दिवशी मी वळलो आणि त्यांच्या मापाचे बूट शोधायला लागलो.